कोड न येता पहिला व्हिडिओ गेम कसा करावा: झेला आणि आंबा

कोकणात विक्रीचा आंबा झाड हलवून पाडत नाहीत. लांब काठीच्या टोकाला जाळी बांधलेली असते, तिला झेला म्हणतात. झेल्याने आंबा देठासकट अलगद जाळीत उतरवायचा. जमिनीवर आपटलेल्या आंब्याला मार लागतो आणि तो तिथूनच खराब व्हायला लागतो. लहानपणी झेल्यातून निसटलेला आंबा खाली फ्रॉकच्या ओच्यात झेलायचं काम आम्हा मुलींकडे असे, आणि एखादा सुटला की सगळ्यांच्या तोंडून एकदमच "अर्रर्र" निघे.

एका मे महिन्यात भाची म्हणाली, "मावशी, आपण गेम बनवूया ना." मी हिशेबाच्या कामातली, कोडची एक ओळ कधी लिहिलेली नव्हती. तिलाही येत नव्हतं. डोक्यात पहिल्यांदा आला तो हा "अर्रर्र". चार संध्याकाळींत आमचा गेम चालू लागला. तोच गेम तुम्हाला इथे पहिल्यापासून करून दाखवते. आंब्याऐवजी पावसाचे थेंब घ्या, पतंग घ्या, काहीही घ्या. सांगाडा हाच राहील.

आधी एक वाक्य

1972 साली अटारी कंपनीत ॲलन अल्कॉर्न हा तरुण इंजिनिअर नवीन लागला. कंपनीचा सहसंस्थापक नोलन बुशनेलने त्याचा हात बसावा म्हणून त्याला टेबल टेनिससारखा साधा खेळ करायला दिला. तो खेळ म्हणजे पाँग. त्याच्या यंत्रावर खेळण्याची सूचना एवढीच होती: चेंडू चुकू देऊ नका, जास्त गुण मिळवा. यापेक्षा जास्त कोणाला काही सांगावं लागलं नाही.

तुमच्या गेमचंही असं एक वाक्य लिहा. आमचं होतं, "आंबा जमिनीवर पडू देऊ नका." पहिला गेम अर्धवट राहतो तो कोड येत नाही म्हणून कमी, आणि सुरुवातीलाच वीस लेव्हल, तलवारी, राजवाडा आणि ऑनलाइन मित्र असं सगळं ठरवल्यामुळे जास्त, असं माझं ठाम मत आहे. पहिल्या गेममध्ये खेळणाऱ्याने एकच गोष्ट करायची. झेलायचं, नाहीतर उडी मारायची, नाहीतर चुकवायचं.

मग कागद

ही पायरी गाळू नका, मला ती सगळ्यात मोलाची वाटते. पुठ्ठ्याचा झेला कापा, आंबा म्हणून एक नाणं घ्या आणि कागदावर खेळा. एकाने खेळाडू व्हायचं, दुसऱ्याने कॉम्प्युटर. कॉम्प्युटर झालेल्याने नाणं वरून खाली सरकवायचं, पण स्वतःच्या मनाने काहीही करायचं नाही. जे सांगितलंय तेवढंच.

पाच मिनिटांत प्रश्नांची रांग लागते. आंबा नेमका कुठून निघतो? दर वेळी त्याच जागेवरून की वेगवेगळ्या? एका वेळी एकच की दोन? झेल्याच्या कडेला लागला तर धरायचा का? किती सुटले की खेळ संपला? ही उत्तरं लिहून काढा. तीच पुढे तुमचा प्रोग्राम होतात. आम्ही लिहिलं: एका वेळी एक आंबा, दर वेळी नवी जागा, कडेला लागला तरी धरायचा, तीन सुटले की खेळ संपला.

स्क्रॅच उघडा

आपण स्क्रॅच वापरणार आहोत. अमेरिकेतल्या एमआयटीच्या मीडिया लॅबमध्ये मिचेल रेझ्निक यांच्या गटाने ते तयार केलं आणि 2007 मध्ये सर्वांसाठी खुलं केलं. ते फुकट आहे. मुलांसाठी बनवलेलं म्हणून मोठ्यांनी लाजायचं कारण नाही. यात कोड टाइप करायचा नसतो, रंगीत ठोकळे एकमेकांत अडकवायचे असतात. जिथे बसू नये तिथे ठोकळा सहसा बसतच नाही, त्यामुळे एखादा स्वल्पविराम चुकला म्हणून सगळं अडलं असं होत नाही.

कॉम्प्युटरच्या ब्राउझरमध्ये स्क्रॅच डॉट एमआयटी डॉट ईडीयू उघडा आणि 'क्रिएट'वर क्लिक करा. खातं काढलं नाही तरी चालतं. इंटरनेट भरवशाचं नसेल तर स्क्रॅचचं ॲप एकदाच उतरवून घ्या, मग ते ऑफलाइन चालतं. फोनच्या छोट्या पडद्यावर मात्र ठोकळे जोडताना जीव मेटाकुटीला येतो, तो नाद नको.

डावीकडे ठोकळ्यांचे रंगीत गट दिसतील, मध्ये ते जोडायची मोकळी जागा, उजवीकडे वर रंगमंच आणि त्यावर एक मांजर. रंगमंच 480 पावलं रुंद आणि 360 पावलं उंच असतो. मध्यबिंदू शून्य. आडवं मोजायचं ते एक्स, डाव्या कडेला उणे 240 आणि उजव्या कडेला 240. उभं मोजायचं ते वाय, खाली उणे 180 आणि वर 180. शाळेतला आलेख कागद आठवा, तोच हा.

झेला हलवा

मांजराच्या चौकटीवरच्या कचरापेटीच्या खुणेने ते काढून टाका. खाली उजवीकडे मांजराचं तोंड असलेल्या गोल बटणावर माउस नेलात की ब्रशची खूण दिसते. तिथे क्लिक करून साधारण 80 पावलं रुंदीचा झेला काढा. चित्र सुबक नसलं तरी चालेल. चित्र काढायच्या पाटीच्या मधोमध एक बारीक खूण असते, चित्र तिच्यावरच काढा, नाहीतर पुढे सगळी मापं सरकतात. या पात्राला 'झेला' असं नाव द्या. नाव मराठीत चालतं.

आता 'कोड' टॅबवर या. पिवळ्या गटातला हिरव्या झेंड्याचा ठोकळा आणा. हा झेंडा दाबला की खेळ सुरू होतो. त्याखाली निळ्या गटातला 'गो टू एक्स वाय' जोडा आणि एक्सला 0, वायला उणे 140 द्या. त्याखाली नारिंगी गटातला 'फॉरएव्हर'. त्याच्या पोटात 'इफ-देन' ठेवा, 'इफ'च्या खाचेत फिक्या निळ्या गटातला 'की प्रेस्ड' बसवून 'राइट ॲरो' निवडा, आणि 'देन'च्या आत 'चेंज एक्स बाय 8'. तसाच दुसरा संच 'लेफ्ट ॲरो'साठी, तिथे उणे 8.

झेंडा दाबा. बाणांच्या कळांनी झेला सरकतो! मला त्या क्षणी झालेला आनंद अजून आठवतो. आपण सांगितलं आणि पडद्यावरची वस्तू हलली.

इथे 'फॉरएव्हर' आणि 'इफ' ही जोडी मन लावून समजून घ्या, सगळा गेम तिच्यावर उभा आहे. 'इफ' एकटा ठेवलात तर कॉम्प्युटर झेंडा दाबल्यावर एकदाच बघतो की कळ दाबली आहे का, आणि निघून जातो. बागेच्या राखणदाराने सकाळी एकदाच फेरी मारून घरी जाऊन झोपावं तसं. 'फॉरएव्हर'मध्ये तो पुन्हा पुन्हा बघत राहतो, सेकंदाला साधारण 30 वेळा.

आंबा पाडा

नवीन पात्र काढा, पिवळा लंबगोल, उंची साधारण 40, नाव 'आंबा'. मग गडद नारिंगी गटात 'मेक अ व्हेरिएबल' म्हणून तीन डबे तयार करा: गुण, संधी, वेग. व्हेरिएबल म्हणजे नाव लिहिलेला डबा, आत एक आकडा. वेगापुढची टिकमार्क काढा, खेळणाऱ्याला तो दिसायची गरज नाही.

आंब्यासाठीही हिरव्या झेंड्यापासून सुरू करा. आधी गुण 0, संधी 3, वेग उणे 5 असे 'सेट' करा. मग 'गो टू एक्स वाय': वाय 160, आणि एक्सच्या खाचेत हिरव्या गटातला 'पिक रँडम' बसवून त्यात उणे 200 ते 200. म्हणजे आंबा दर वेळी वेगळ्या फांदीवरून सुटेल. त्यानंतर 'फॉरएव्हर', आणि त्याच्या पोटात क्रमाने चार गोष्टी:

'चेंज वाय बाय'च्या खाचेत वेगाचा डबा. वेग उणे आहे म्हणून आंबा खाली येतो.

जर आंबा झेल्याला 'टचिंग' असेल, तर गुण 1 ने वाढवा, वेग उणे 0.2 ने बदला, आणि आंबा पुन्हा वर न्या, मघाच्याच 'गो टू' ठोकळ्याने.

जर 'वाय पोझिशन' उणे 165 पेक्षा कमी झाली, तर संधी उणे 1 ने बदला आणि आंबा वर न्या.

जर संधी 0 झाली, तर 'स्टॉप ऑल'.

झालं. हा पूर्ण गेम आहे. सुरुवात आहे, शेवट आहे, हरणं आहे.

हे आकडे आले कुठून?

मला सर्वांत जास्त रमवलं ते याच भागाने. आंबा 160 वरून सुटतो, झेला उणे 140 वर, मध्ये 300 पावलं. वेग 5 असताना खाली यायला 60 फेऱ्या, म्हणजे दोन सेकंद लागतात. तेवढ्या वेळात झेला 60 गुणिले 8, म्हणजे 480 पावलं पळू शकतो. अख्खा रंगमंच! सुरुवातीला लक्ष देणाऱ्याचा एकही आंबा सुटू नये, अशी ही सोय आहे.

दर झेललेल्या आंब्याला वेग 0.2 ने वाढतो. 25 आंबे झाले की तो 10 होतो. आता आंब्याला एकच सेकंद लागतो आणि झेला 240 पावलंच जाऊ शकतो, अर्धा रंगमंच. आधीचा आंबा डाव्या टोकाला झेलला आणि पुढचा उजव्या टोकाला सुटला, तर तो हातचा गेला. म्हणून खेळणारा आपोआप शिकतो की झेलल्यावर मध्यभागी परत यायचं. त्याला हे कोणी सांगितलेलं नसतं, दोन आकड्यांनी शिकवलेलं असतं. झेल्याचा 8 बदलून 6 करा, मग 12 करा, आणि खेळून बघा. गेम सोपा-अवघड नाही, वेगळाच होतो.

1978 च्या स्पेस इन्व्हेडर्स या व्हिडिओ गेममध्ये शत्रू कमी होत जातात तसे उरलेले जोरात पळू लागतात. तो बनवणाऱ्या तोमोहिरो निशिकादो यांच्या यंत्राला कमी आकृत्या काढाव्या लागल्या की ते आपोआप वेगाने चाले. त्यांनी ते दुरुस्त केलं नाही, कारण खेळ त्यामुळे रंगत होता. तुमच्याही गेममध्ये काही विचित्र घडलं तर पुसण्याआधी एकदा खेळून बघा.

हमखास होणाऱ्या चुका

एका आंब्याला पंधरा गुण मिळतात? झेलल्यावर आंबा वर न्यायचा राहिलाय. तो झेल्याला चिकटून आहे आणि दर फेरीत गुण वाढतोय. दुसऱ्यांदा खेळताना जुनेच गुण दिसतात? सुरुवातीचा 'सेट गुण 0' सुटलाय, किंवा तिथे 'सेट'ऐवजी 'चेंज' लागलाय. ही अदलाबदल आमच्याकडून अनेकदा झाली.

आवाज घालताना एक फसगत होते. झेलल्यावर 'पॉप' वाजवायला 'स्टार्ट साउंड' वापरा. 'प्ले साउंड अनटिल डन' वापरलात तर आवाज संपेपर्यंत फेऱ्या थांबतात आणि आंबा हवेत लटकतो. 'साउंड्स' टॅबमध्ये स्वतःचा आवाजही रेकॉर्ड करता येतो. आमच्या गेममध्ये आंबा सुटला की माझी आई "अर्रर्र" म्हणते.

रोज उठताना 'फाइल' मेनूतून 'सेव्ह टू युवर कॉम्प्युटर' करा आणि फाइलच्या नावात क्रमांक टाका: आंबा 1, आंबा 2. आज काहीतरी बिघडलं तर कालचा चालता गेम हातात राहतो.

दुसऱ्याच्या हातात द्या

घरातल्या कोणाला तरी बसवा आणि तुम्ही गप्प बसा. फार कठीण आहे हे. आमच्या गेममध्ये भाऊ आधी माउसने झेला ओढायला गेला, मग स्पेसबार दाबला, तोवर तीनही आंबे जमिनीवर. "बाणाच्या कळा दाब" हे वाक्य माझ्या ओठांवर आलं होतं. ते बोलायचं नाही, पडद्यावर लिहायचं. रंगमंचाच्या चित्रात झेल्याच्या दोन बाजूंना दोन बाण काढले, आणि शेजारची काकू न विचारता खेळली.

स्क्रॅचवर गेम सगळ्यांसाठी खुला करायचा तर खातं काढून ईमेलची खात्री करून द्यावी लागते. मुलांचं खरं नाव, शाळा, फोटो त्यात कुठेच नको. खुला केलेला गेम इतरांना आतून उघडून बघता येतो, बदलून नवा करता येतो. तुम्हीही दुसऱ्यांचे गेम असेच उघडून बघा, शिकायला याहून बरी जागा मला सापडलेली नाही.

पुढे मोबाइलवर चालणारा गेम करावासा वाटला तर जीडेव्हलप हे गेम बनवायचं साधन बघा. तिथेही "अट आणि कृती" अशाच जोड्या लावायच्या असतात, हात बसायला वेळ लागत नाही. चित्रांपेक्षा गोष्ट आवडत असेल तर ट्वाइन, वाचत वाचत पुढचं निवडायच्या गोष्टी बनवायचं साधन.

माकड

आंबा 5 नावाची चालती फाइल बाजूला ठेवून आम्ही आंबा 6 उघडली, कारण भाचीला माकड हवंच होतं. कोकणातल्या बागेत ते येणारच. नवीन पात्र, झेंडा, 'फॉरएव्हर'. आत 'हाइड', एक्स उणे 240 आणि वाय 40 वर जा, 5 ते 10 मधल्या कुठल्याही सेकंदांइतकं 'वेट', 'शो', आणि 3 सेकंदांत एक्स 240 वर 'ग्लाइड'. आंब्याच्या 'फॉरएव्हर'मध्ये आणखी एक 'इफ': माकडाला टचिंग, तर आंबा वर.

संधी कमी करायची का, यावर आमचं बराच वेळ चाललं. भाची म्हणाली, "आंबा गेला ना, मग एक संधी जाऊ दे." मी म्हटलं, माकडाने नेला यात झेलणाऱ्याची काय चूक? दोन्ही प्रकारे खेळून बघितलं. संधी जायची तेव्हा भाऊ चिडून उठला. जात नव्हती तेव्हा तो माकडाकडे बघून हसला आणि खेळत राहिला. 'चेंज संधी'चा तो ठोकळा आम्ही काढून टाकला.