पंपाच्या रिसर्क्युलेशन लाइनला (पंपातलं थोडं पाणी टाकीत परत नेणारा पाइप) ओरिफिसचं, म्हणजे प्रेशर तोडणाऱ्या प्लेटचं, भोक किती ठेवायचं?

चिकोडी-अथणीकडं साखर कारखान्यात काम करणाऱ्यांनी हे बघून ठेवा, सीझन सुरू व्हायच्या आधीच, कारण बेळगावच्या उद्यमबागेत प्लेट टर्न करून मिळते पण भोक किती एमएम ते आपणच सांगायचं असतंय.

आधी पंपाच्या कर्व्हवरून मिनिमम फ्लो (पंप खराब न होता चालायला लागणारा कमीत कमी फ्लो) घ्या आणि हेड, म्हणजे पंप देतो ते प्रेशर, त्याच फ्लोचं घ्या, रेटेड पॉइंटचं नको, कमी फ्लोला हेड जास्त असतंय आणि इथंच बहुतेकांचा हिशेब गंडतो. त्यातून टाकीचं प्रेशर, उंचीचा फरक आणि लाइनचा लॉस वजा केला की उरलं ते ओरिफिसनं खायचं. समजा १० घनमीटर तासाला आणि ६ बार. ६ बार म्हणजे ६ लाख पास्कल, त्याची दुप्पट भागिले डेन्सिटी १०००, वर्गमूळ साधारण ३४.६, गुणिले ०.६१ (ओरिफिसचा डिस्चार्ज कोएफिशंट) म्हणजे २१. सेकंदाचा फ्लो ०.००२७८ भागिले २१ हे झालं भोकाचं क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये, त्यावरून भोकाचा व्यास येतोय १३ एमएम. धारदार कड पाणी येणाऱ्या बाजूला ठेवा.

बॉयलर फीड पंपाला मात्र एकाच प्लेटवर सगळं प्रेशर तोडू नका हं, गरम पाणी फ्लॅश होऊन, म्हणजे एकदम वाफ होऊन, पाइप खातंय, तिथं टप्प्याटप्प्यानं प्रेशर तोडणारं मल्टीस्टेजच घ्या. आणि ही लाइन कायम उघडी असेल तर पंप घेतानाच तेवढा फ्लो जादा धरा.