डीबीएसचं 'बंदीचा विचार आहे' असं पत्र आलं तर

इंग्लंड किंवा वेल्समध्ये केअर होम, हॉस्पिटल, शाळा यांपैकी कुठेही कामाला लागलात तर एक गोष्ट पहिल्याच महिन्यात समजून घ्या. डीबीएस (डिस्क्लोजर अँड बारिंग सर्व्हिस) ही मुलांसोबत किंवा असहाय प्रौढांसोबत काम करणाऱ्यांची पार्श्वभूमी तपासणारी आणि गरज वाटल्यास त्या कामाला बंदी घालणारी सरकारी संस्था. तिच्या बंदी यादीत नाव जायला गुन्हा सिद्ध व्हावा लागत नाही. पोलिसांनी प्रकरण बंद केलं, अगदी कोर्टाने निर्दोष सोडलं, तरी डीबीएस कागद स्वतः तपासतं आणि 'घडलं असण्याची शक्यता जास्त' एवढ्यावर निर्णय घेतं. याद्या दोन आहेत, मुलांसाठीची आणि असहाय प्रौढांसाठीची. नाव यादीत असताना त्या गटासोबतचं बंदी असलेलं काम केलं तर 5 वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

राजीनामा दिला की विषय मिटतो, असा समज आपल्याकडे फार आहे. तो सोडा. 2006 च्या सेफगार्डिंग व्हल्नरेबल ग्रुप्स कायद्यानुसार, तुमच्या वागण्यामुळे कुणाला इजा झाली किंवा होऊ शकली असती असं मालकाला वाटलं आणि त्या कारणाने त्याने तुम्हाला कामावरून काढलं, किंवा तुम्ही राहिला असतात तर काढलं असतं, तर डीबीएसला कळवणं त्याला बंधनकारक आहे.

(एन्हान्स्ड सर्टिफिकेटवर, म्हणजे डीबीएसच्या सखोल तपासणीच्या दाखल्यावर, पोलिसांनी जादा माहिती छापली असेल आणि बंदी नसेल, तर मार्ग वेगळा. सर्टिफिकेटच्या तारखेपासून 3 महिन्यांत डीबीएसकडे हरकत घ्या. पोलीस पुन्हा तपासतात. तरी पटलं नाही तर स्वतंत्र निरीक्षकाकडे जाता येतं.)

मुख्य लढाई सुरू होते 'बंदीचा विचार आहे' या पत्राने. सोबत कागदांचा गठ्ठा येतो आणि लेखी म्हणणं मांडायला 8 आठवडे मिळतात. 'आत्ता गप्प बसू, पुढे अपिलात बघू' हा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. अपिलात फक्त दोन गोष्टी चालतात, डीबीएसने तथ्यात चूक केली किंवा कायद्यात. बंदी घालणं योग्य होतं का, हा प्रश्न कायद्यानेच अपिलाबाहेर ठेवला आहे. बंदी प्रमाणाबाहेर आहे असं म्हणता येतं, पण तिथे डीबीएसच्या मताला वजन मिळतं. म्हणून सगळी ताकद या 8 आठवड्यांत लावा.

लिहायचं कसं? आरोप एकेक घ्या आणि प्रत्येकाला कागदाने उत्तर द्या. समजा आरोप आहे की दोन केअरर लागतात तिथे तुम्ही एकट्याने हॉइस्टने (माणूस उचलायच्या यंत्राने) आजींना उचललं. 'मी प्रामाणिक आहे, वीस वर्षांत तक्रार नाही' याने काही होत नाही. त्या रात्रीचा रोटा (ड्युटीचा तक्ता) लावा, म्हणजे मजल्यावर किती जण होते ते दिसेल. आजींच्या केअर प्लॅनची त्या तारखेची प्रत लावा. दोन माणसांची अट नंतर घातली गेली असेल तर ते तिथेच सापडतं. मूव्हिंग अँड हँडलिंगचं (माणसाला उचलण्या-हलवण्याचं) ट्रेनिंग कधी झालं, पाळी बदलतानाच्या हॅण्डओव्हरमध्ये काय लिहिलं होतं, तेही जोडा. चूक खरंच झाली असेल तर ती कबूल करा आणि त्यानंतर कोणतं ट्रेनिंग घेतलं ते दाखवा. सगळंच नाकारणाऱ्याचं खरं म्हणणंही मग कुणी मानत नाही.

हे कागद मालकाकडे असतात. स्वतःबद्दलची माहिती मागायचा लेखी अर्ज निलंबन झाल्या दिवशीच करा. उत्तराला साधारण एक महिना मिळतो, म्हणजे डीबीएसचं पत्र येईपर्यंत थांबलात तर 8 आठवड्यांतला निम्मा वेळ तिथेच जातो. सीसीटीव्हीचं चित्रण तर आपोआप पुसलं जातं, ते जपून ठेवायला त्याच दिवशी ईमेलने सांगा. शिफारसपत्र देणाऱ्याला आरोप ठाऊक असल्याचं पत्रात यायला हवं, नाहीतर त्या पत्राला किंमत नाही. गावाकडचे मराठी कागद प्रमाणित भाषांतरासह द्या. पत्ता बदलला तर डीबीएसला लगेच कळवा. पत्र जुन्या घरी पडून राहिल्याने मुदत गेली, असं पुष्कळदा होतं. उशिराचं म्हणणं सबळ कारण असेल तरच घेतात.

तरी नाव यादीत लागलंच, तर अप्पर ट्रिब्युनलकडे, म्हणजे ही अपिलं ऐकणाऱ्या न्यायाधिकरणाकडे, जायचं. निर्णयपत्र पाठवल्यापासून 3 महिन्यांत अपिलाची परवानगी मागायची, सोबत निर्णयाची प्रत. फी नाही. कागदावर परवानगी नाकारली तर 14 दिवसांत तोंडी सुनावणी मागता येते. सुनावणीत तुम्ही स्वतः साक्ष देऊ शकता, आणि मराठी दुभाषा हवा असेल तर अर्जातच लिहा. चूक सिद्ध झाली तर ट्रिब्युनल नाव काढायला सांगतं किंवा प्रकरण डीबीएसकडे परत पाठवतं. अपिलाचा निकाल लागेपर्यंत बंदी लागूच राहते. उत्पन्न कमी असेल तर लीगल एड (वकिलासाठी सरकारी मदत) मिळू शकते. युनियनची मदत हवी असेल तर सभासदत्व मात्र आधीपासून हवं. प्रकरण घडल्यावर सभासद झालात तर त्या प्रकरणात सहसा मदत मिळत नाही.

स्पॉन्सर्ड व्हिसावर (मालकाच्या नोकरीवर अवलंबून असलेल्या) असाल तर घड्याळ आणखी एक आहे. नोकरी गेली की मालक होम ऑफिसला (ब्रिटनच्या गृहखात्याला) कळवतो आणि व्हिसा साधारणपणे 60 दिवसांवर आणला जातो. अपील त्याहून कितीतरी लांबतं. म्हणून डीबीएसचा वकील आणि इमिग्रेशनचा सल्लागार एकाच आठवड्यात गाठा.

अपील हरलात तर फेरविचार मागायला 25 किंवा त्याहून जास्त वयाच्यांना 10 वर्षं थांबावं लागतं, 18 ते 24 वयाला 5 आणि 18 खालच्यांना 1. नवा पुरावा हाती आला, परिस्थिती बदलली किंवा डीबीएसची चूक दिसली, तर त्याआधीही अर्ज करता येतो. स्कॉटलंडमध्ये हे काम डिस्क्लोजर स्कॉटलंड या संस्थेकडे आहे आणि अपील तिथल्या शेरीफ कोर्टात (स्थानिक न्यायालयात) चालतं, त्यामुळे तिथल्यांनी तिथलाच वकील बघावा.