संस्कृती-इतिहासासाठी परदेशी स्थायिक व्हायचंय? देश ठरवताना या चुका टाळा

नागपूरच्या धरमपेठेतल्या लग्नाच्या पंगतीत हल्ली एक तरी जोडपं भेटतं, ज्यांचं पक्कं ठरलेलं असतं: मुलं मार्गी लागली की आपण पोर्तुगालला. नाहीतर इटलीला, नाहीतर जपानला. पगारासाठी नव्हे हो, तिथल्या जुन्या गल्ल्या, म्युझियमं, देवळं यांच्यासाठी. हौस झकास आहे. घोळ होतो तो देश ठरवण्याच्या पद्धतीत: आठ दिवसांची टूर, चार-दोन यूट्यूब व्हिडिओ, की झाला निर्णय.

चांगल्या मोसमात पाहून भाळणं

मुंबईचा एखादा पाहुणा हिवाळी अधिवेशनाच्या दिवसांत नागपुरात आला, सकाळच्या थंडीत तर्री पोहे हाणले, संत्री खाल्ली आणि म्हणाला, 'आता इथंच फ्लॅट घेतो', तर आपण काय म्हणू? 'भाऊ, एकदा मे महिन्यात येऊन पाय.'

लिस्बनला हेच लागू. आल्फामा या जुन्या वस्तीच्या चढउताराच्या गल्ल्या आणि टाइल्स लावलेल्या भिंती वसंतात वेड लावतात. जानेवारीत तिथं पावसाळा असतो आणि बहुतेक जुन्या घरांत हीटिंगची सोयच नसते. बाहेर १०-१२ अंश म्हटल्यावर नागपूरकर हसतो, एवढी थंडी आपल्याकडेही पडते म्हणतो. पण आपल्याकडे दुपारी गच्चीवर ऊन मिळतं. तिथं ओल भिंतीत मुरते, कपाटामागे काळी बुरशी धरते, धुतलेली जीन्स तीन-तीन दिवस वाळत नाही आणि अंथरूण हाताला दमट लागतं. क्योटोतली लाकडी माचिया घरं फोटोत कितीही देखणी दिसोत, हिवाळ्यात त्यांच्या फटींतून वारा घुसतो.

यावर उपाय म्हणजे दुसरी फेरी मुद्दाम नको त्या मोसमात करायची. हॉटेलात उतरायचं नाही, महिनाभर भाड्याच्या घरात राहायचं. युरोपातल्या बऱ्याच देशांसाठी एकच असलेल्या शेंगेन व्हिसावर १८० दिवसांत ९० दिवस राहता येतं, तेवढे पुरेत. त्या महिन्यात किल्ले-चर्च कमी बघा. किराणा आणा, दाताच्या डॉक्टरकडे जाऊन या, विजेचं बिल हातात घेऊन वाचा.

इतिहासाची आवड म्हणजे व्हिसा नव्हे

'मला रेनेसाँची चित्रं आवडतात' असा रकाना कुठल्याच अर्जात नसतो. राहण्याचा परवाना मिळतो तो नोकरीवर, शिक्षणावर, कुटुंबावर किंवा स्वतःच्या उत्पन्नावर. म्हणून देशांची यादी करण्याआधी आपण यातल्या कुठल्या दारातून आत शिरणार ते ठरवा. निम्मी यादी तिथंच गळते.

इटलीचा 'इलेक्टिव्ह रेसिडेन्स' व्हिसा निवृत्तांना सोयीचा वाटतो. पण त्यासाठी पेन्शन, घरभाडं असं बसल्या जागी येणारं उत्पन्न एका माणसाला वर्षाला साधारण ३१,००० युरो दाखवावं लागतं आणि त्यावर कामधंदा करता येत नाही. आपल्याकडच्या भल्याभल्या पेन्शनी इथं तोकड्या पडतात. अशाच उत्पन्नावर मिळणाऱ्या पोर्तुगालच्या डी-७ व्हिसाची अट तिथल्या किमान वेतनाशी जोडलेली आहे, त्यामुळे ती बरीच खाली आहे. जपानमध्ये चहाविधी किंवा इकेबाना (फुलांची मांडणी) शिकायला येणाऱ्यांसाठी 'सांस्कृतिक उपक्रम' असा वेगळा प्रवर्ग आहे खरा, पण तो कमावण्यासाठी नाही.

आणि ते एक युरोचं घर! सिसिलीतल्या मुसोमेलीसारख्या गावांत अशी घरं विकली गेलीत, हे खरं. पण त्यासोबत ठरावीक मुदतीत डागडुजी करण्याची अट येते आणि घराच्या कागदावर राहण्याचा हक्क मिळत नाही. जपानमध्ये २०२३ च्या पाहणीत सुमारे ९० लाख घरं रिकामी आढळली. तिथंही तेच: घर तुमचं, व्हिसा वेगळा.

पुस्तकातल्या काळात राहायला जाणं

ही चूक सगळ्यात जास्त मनस्ताप देते. दीक्षाभूमीच्या या शहरात अनेकांना बौद्ध देशात राहावंसं वाटतं. कामठीचं, जपानी मदतीने उभं राहिलेलं ड्रॅगन पॅलेस बुद्धमंदिर पाहिलेलं असतं, म्हणून ओढ जपानची. १४ ऑक्टोबर १९५६ नंतर आपल्याकडे धम्म हा समतेचा, शिक्षणाचा, रस्त्यावर उतरण्याचाही विषय झाला. जपानमध्ये बहुतेक घरांचा बुद्धविहाराशी संबंध येतो तो अंत्यविधी आणि पितरांच्या स्मरणापुरता. १८७२ पासून तिथल्या भिक्खूंना लग्न करायची मुभा आहे आणि बरीच देवळं बापाकडून मुलाकडे जातात. यात वाईट काही नाही. पण आपल्या मनातला धम्म शोधत कुणी तिथं घर केलं, तर वर्षभरात हिरमोड ठरलेला. श्रीलंका, थायलंड थेरवादी, म्हणजे बौद्ध धर्माच्या जुन्या परंपरेतले, तिथला बाज आणखी वेगळा.

देश निवडताना त्याच्या इतिहासाशी तिथले आजचे लोक कसे वागतात ते बघा. स्वतःलाही एक विचारा: अजब बंगल्यात, म्हणजे आपल्या नागपूरच्या म्युझियममध्ये, तुम्ही शेवटचे कधी गेला होता? मारबतीची मिरवणूक बघायला महाल भागात जाता की टीव्हीवरच बघता? इथलं म्युझियम शाळेच्या सहलीनंतर ज्याने पाहिलं नाही, तो फ्लोरेन्सला दर रविवारी गॅलरीत जाईल, यावर माझा तरी विश्वास नाही.

'आपलीच माणसं आहेत' या भरवशावर जाणं

मॉरिशसबद्दल हे फार होतं. १८३४ नंतर गिरमिटिया (करारावर नेलेल्या) मजुरांसोबत तिथं मराठी माणसंही गेली. गणेश चतुर्थीला तिथं सार्वजनिक सुट्टी असते, शाळेत मराठी शिकता येते. पन्नाशी ओलांडलेल्या निवृत्तांसाठी वेगळा परवानाही आहे. पण रोजचं बोलणं क्रेओल या तिथल्या बोलीत, पेपर फ्रेंचमध्ये. तिथल्या मराठी मंडळींचे पूर्वज मुख्यतः कोकण-साताऱ्याकडचे आणि दोनशे वर्षांत त्यांनी स्वतःची वेगळी घडी बसवलीय. तुमच्या पोळा सणाची आणि सांडगे-वड्यांची वाट कुणी बघत बसलेलं नाही.

भाषेचं एवढंच सांगतो: इंग्रजीवर पर्यटन भागतं, शेजार जुळत नाही. निघण्याआधी वर्षभर शिकवणी लावा. शिकवणीतच कंटाळा आला, तर देशाबद्दलच पुन्हा विचार करा.

इकडचे दोर घाईत कापणं

भारतात दुहेरी नागरिकत्व नाही. दुसऱ्या देशाचं घेतलं की आपलं गेलं. परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांसाठीचं ओसीआय कार्ड मिळतं, मतदान मिळत नाही. काटोल-नरखेडकडे संत्र्याची बाग असेल तर नीट ऐका: एनआरआय किंवा ओसीआय झाल्यावर शेतजमीन विकत घेता येत नाही. आधीची किंवा वारशाची ठेवता येते, मात्र विकायची तर भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच. तेव्हा वाटण्या, फेरफार, सातबारावरची नावं हे सगळं निघण्याआधी उरकून घ्या. जन्मदाखला, टीसी, पासपोर्ट, लग्नाचा दाखला यांवरच्या नावाचं स्पेलिंगही जुळवा. अपॉस्टिल, म्हणजे कागदपत्रं परदेशात चालावीत म्हणूनचा सरकारी शिक्का, त्यानंतर.

जाऊन फसलात तर

आधी देश नाही, शहर बदलून बघा. लिस्बनच्या गर्दीचा आणि भाड्यांचा वीट आला असेल, तर कोइंब्रा आहे. १५३७ पासून विद्यापीठ तिथंच आहे आणि गाव विद्यार्थ्यांमुळे जागं असतं. क्योटो पर्यटकांनी नकोसं केलं, तर कानाझावा बघा. दुसऱ्या महायुद्धात त्यावर बॉम्ब पडले नाहीत, त्यामुळे जुनी वस्ती बरीच शाबूत आहे. पहिल्या हिवाळ्यात मात्र कुठलाच निर्णय घेऊ नका.

आणि नागपुरातलं घर पहिली दोन वर्षं विकू नका, भाड्याने द्या. मालक एनआरआय झाला की भाडेकरूला भाड्यातून साधारण ३१ टक्के टीडीएस कापून भरावा लागतो. हे करार करतानाच त्याच्या कानावर घाला, नाहीतर पहिल्याच महिन्यात त्याचा फोन येईल.