जुन्या वेलींची शेनिन ब्लां : या चुका टाळा
केपटाउनच्या उत्तरेकडील स्वार्टलँड या उष्ण पट्ट्यात शेनिन ब्लां या पांढऱ्या वाइनच्या द्राक्षाच्या जुन्या वेली मांडवाविना, झुडपासारख्या आणि बहुतांशी कोरडवाहू वाढतात. त्यांना घड मोजकेच लागतात, पण रस दाट उतरतो. शिवाय या द्राक्षाची आंबटाई उन्हातही बरीचशी टिकते. नाशिकची हलकी, किंचित गोडसर शेनिन ज्यांच्या जिभेवर बसली आहे, त्यांची या बाटलीपुढे थोडी फसगत होते.

ती खरेदीपासूनच सुरू होते. लेबलवरच्या ‘ओल्ड व्हाइन्स’ (जुन्या वेली) या शब्दांना बहुतेक देशांत कायद्याची व्याख्या नाही, त्यामुळे केवळ त्यांवर विसंबून जास्त पैसे मोजू नयेत. दक्षिण आफ्रिकेत द्राक्षतज्ज्ञ रोझा क्रूगर यांनी जुन्या बागांची नोंद सुरू केली, त्यातून ओल्ड व्हाइन प्रोजेक्ट उभा राहिला. त्याचा शिक्का किमान 35 वर्षांच्या बागेतल्या वाइनलाच मिळतो आणि त्याच्यावर लागवडीचे वर्ष छापलेले असते. ते वर्ष वेलींचे असते, वाइनचे नव्हे.

सर्वांत मोठी चूक मात्र अति थंड पिण्याची. फ्रिजमधल्या चार-पाच अंशांना हिचा गंध मिटलेला राहतो आणि जिभेला फक्त आंबटपणा जाणवतो. ती 10 ते 13 अंशांवर, जरा रुंद पेल्यात घ्यावी. आपल्याकडच्या मे महिन्यात बाटली पंधरा मिनिटे आधी बाहेर काढली तरी पुरते. तासाभराने पेल्यात उरलेला घोट पहिल्यापेक्षा चांगला लागला, तर दोष वाइनचा नव्हता, घाईचा होता.

बुचाला किंवा तळाला काचेच्या चुऱ्यासारखे चमकणारे खडे दिसले, की अनेकजण बाटली परत करायला निघतात. द्राक्षातल्या टार्टारिक आम्लाचे क्षार थंडीने असे गोठतात. ते निरुपद्रवी असतात. शंका असल्यास थोडे खडे कढत पाण्यात टाकून पाहावेत : क्षार विरघळतात, काच विरघळत नाही.

वासाबाबतही उतावीळ होऊ नये. नुकत्याच विझलेल्या काडेपेटीच्या काडीसारखा वास अर्ध्या तासाच्या हवेने बहुधा ओसरतो. ओल्या पुठ्ठ्याचा, कुबट वास मात्र हवेने अधिकच जाणवू लागतो. तो सदोष बुचाचा असतो आणि तेव्हा बाटली खुशाल परत करावी.