मॉरिस मायनरचा पेट्रोल पंप रुसला तर

मॉरिस मायनर या जुन्या गाडीची किल्ली फिरवली की बॉनेटखालून, टाकीतलं पेट्रोल ओढणाऱ्या पंपाचं ‘टक टक टक’ ऐकू येतं, कार्बोरेटर (इंजिनासाठी पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) भरला की थांबतं. एसयू कंपनीच्या या जुन्या इलेक्ट्रिक पंपाचं निम्मं निदान या आवाजावरच होतं. आधी कान लावा, पाने मग काढा.

टकटक नाहीच? स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने पंपावर हलकेच ठोका. सुरू झाला तर आतले पॉइंट (वीज जोडणारे-तोडणारे संपर्क) जळालेत किंवा चिकटलेत. असं ठोकत ठोकत घर गाठता येतं, पण तो इलाज नव्हे. बॅटरीची वायर काढून पंपाची काळी टोपी उघडा आणि दोन पॉइंटच्या मधून बारीक पॉलिश पेपरची पट्टी फिरवा. त्याआधी अर्थिंगची वायर मात्र बघाच. तिच्या एका गंजक्या स्क्रूपायी धडधाकट पंप भंगारात जातो.

टकटक थांबतच नसेल तर टाकीत पेट्रोल आहे ना? (हसू नका.) असेल तर टाकीकडून येणारा पाइप बहुधा हवा ओढतोय. किल्ली चालू पण इंजिन बंद असताना मधूनच एखादी ‘टक’ येत असेल तर कार्बोरेटरची नीडल (पेट्रोल अडवणारी सुई) किंवा पंपाचा व्हॉल्व्ह नीट बसत नाही. पेट्रोलचा वास आला तर लगेच किल्ली बंद.