पर्यावरण अनुपालन: या चुका टाळा (पहिली मी स्वतः केली आहे)

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात मला चार-पाच फोन हमखास येतात. "मॅडम, मागच्या सहामाही अहवालाची वर्ड फाइल आहे का तुमच्याकडे?" पीडीएफ चालत नाही, वर्डच हवी. एवढ्यावरून पुढचं सगळं कळतं.

२००६ च्या ईआयए (पर्यावरणावरील परिणामांचं मूल्यांकन) अधिसूचनेनुसार पर्यावरण मंजुरी, म्हणजे आपल्या भाषेत ईसी, मिळालेल्या प्रकल्पाला दर वर्षी १ जून आणि १ डिसेंबरला अटींच्या पालनाचा अहवाल द्यावा लागतो. जूनच्या अहवालात ऑक्टोबर ते मार्चचा हिशेब, डिसेंबरच्या अहवालात एप्रिल ते सप्टेंबरचा. म्हणजे कालावधी संपल्यावर हातात दोन महिने असतात. तरी काम सुरू होतं शेवटच्या चार दिवसांत, आणि मग मक्षिकास्थानी मक्षिका.

मागच्या अहवालावर नवी तारीख टाकणं

नोकरीच्या दुसऱ्या वर्षी मीही हेच केलं. एका कारखान्याच्या ईसीत हरितपट्ट्याची अट होती, एकूण जागेच्या ३३ टक्के. माझ्या आधीच्या माणसानं लिहून ठेवलं होतं, '१,५०० झाडे लावली, संवर्धन सुरू आहे.' सलग तीन अहवालांत मी ते वाक्य हलवलं नाही. आकडा कुठला, असं एकदा अकाउंट्समध्ये विचारलं, तर त्यांनी रोपवाटिकेचं बिल काढून दाखवलं. १,५०० रोपं. मला वाटलं, झालं, पुरावा मिळाला.

मग केंद्रीय मंत्रालयाच्या प्रादेशिक कार्यालयातून एक अधिकारी पाहणीला आले. शांत गृहस्थ, चहासुद्धा घेतला नाही. अहवालाची प्रत हातात धरून म्हणाले, "चला, झाडं मोजू." एप्रिलचा शेवट, दुपारचे बारा. ते, मी आणि माळीमामा कुंपणाच्या कडेकडेनं निघालो. जिवंत झाडं भरली ६१२. पश्चिमेच्या बाजूला ट्रकसाठी नवा रस्ता काढला होता, त्यात दोन रांगा साफ गेल्या होत्या. मला पत्ताच नव्हता, कारण त्या बाजूला मी कधी फिरकलेच नव्हते. उरलेली रोपं पहिल्याच उन्हाळ्यात वाळली होती. माळीमामांना सगळं ठाऊक होतं. त्यांना विचारायचं कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं, माझ्याही नाही.

शेऱ्यात 'अट पाळलेली नाही' असं आलं, ते मी समजू शकले. त्याखालचं वाक्य झोंबलं: 'सादर केलेली माहिती वस्तुस्थितीशी विसंगत.' त्या कारखान्याला पुढे विस्तार करायचा होता. विस्ताराची ईसी मागताना जुन्या अटींच्या पालनाचा प्रमाणित अहवाल जोडावा लागतो, आणि तो त्याच कार्यालयाकडून मिळवायचा होता. वर्षभर हेलपाटे घातले.

तेव्हापासून झाडं मी मे महिन्यात मोजते. ऑगस्टमध्ये मोजू नका, ऑगस्टमध्ये सगळंच हिरवं असतं. कुंपणाच्या आठ खांबांवर रंगानं आकडे घातलेत, दर वेळी त्याच आठ ठिकाणांहून फोटो काढते. आणि अहवालाचं पहिलं टिपण ऑफिसात बसून करत नाही. अटींची छापील यादी घेऊन साइटवर एक चक्कर मारते, पेननं खुणा करते, माळी, एसटीपीचा (सांडपाणी शुद्धीकरण यंत्रणेचा) ऑपरेटर आणि स्टोअरकीपर या तिघांशी बोलते. तिघांशी बोलायला एक दिवस जातो. नव्या मुलांना हा दिवस वाया गेल्यासारखा वाटतो.

'नोंद घेतली' या उत्तराबद्दलही एकदाच सांगते. काही अटींना ते चालतं, उदाहरणार्थ 'मंत्रालय मंजुरी रद्द करू शकते' या अटीला आपण दुसरं काय म्हणणार? पण 'पर्जन्यजल संधारणाचे खड्डे करावेत' याला 'नोंद घेतली'? किती खड्डे सांगितले होते, किती झाले, उरलेले कधी होणार, ते लिहा. 'अंशतः पालन' लिहायला लोक घाबरतात. माझा अनुभव उलटा आहे. खरं लिहिलेल्या अपुऱ्या कामाला मुदत मिळते.

जनसुनावणीचा मराठी सारांश रात्रीत उरकणं

मंजुरीआधी प्रकल्पाबद्दल गावकऱ्यांचं म्हणणं ऐकायला जनसुनावणी होते. सहाशे पानांचा इंग्रजी ईआयए अहवाल गावात कुणी वाचत नाही. लोक वाचतात तो मराठी सारांश. त्यासाठीच तो स्थानिक भाषेत मागितलेला आहे, आणि सुनावणीच्या सूचनेनंतर लोकांना किमान ३० दिवस मिळतात तेही त्यासाठीच. आणि नेमका हाच कागद सगळ्यात कमी पगाराच्या माणसाकडे, सगळ्यात शेवटी, 'जरा मराठी करून टाक' म्हणून जातो. आता तर माणसाकडेही जात नाही, मशीनमध्ये घालतात आणि बाहेर येईल ते छापतात.

एका सुनावणीत मी नुसती ऐकायला बसले होते, काम दुसऱ्यांचं होतं. सारांशात 'प्लांट' या शब्दाचं सगळीकडे 'वनस्पती' झालं होतं. 'फ्युजिटिव्ह' उत्सर्जनाचं 'फरारी उत्सर्जन'. एक आजोबा उठले, चष्मा सावरून त्यांनी पान वाचलं आणि पीठासनावरच्या अपर जिल्हाधिकाऱ्यांना विचारलं, "साहेब, या वनस्पतीला दिवसाला एवढं पाणी लागतं म्हणता, मग आमच्या उसानं काय करायचं?" मंडप हसला. आजोबा हसले नाहीत. ते पुढे म्हणाले, "आणि फरारी कोण झालंय ते अजून सापडलं का?"

तिथून पुढे त्या सल्लागाराचं एक वाक्य कुणी ऐकून घेतलं नाही. धुळीचा मुद्दा खरा होता, त्यावरचे उपाय बरे होते. पण ज्यांना आपल्या भाषेत चार पानं नीट लिहिता येत नाहीत त्यांनी आपली विहीर नीट तपासली असेल, यावर गावानं विश्वास का ठेवावा? सुनावणीच्या अखेरीला कामकाजाचा गोषवारा लोकांना त्यांच्या भाषेत वाचून दाखवावा लागतो. त्यात ती वनस्पती परत आली.

माझी सवय अशी की सारांश मी भाषांतरित करतच नाही, मराठीतच नव्यानं लिहिते. मग साइटच्या गाडीच्या ड्रायव्हरला मोठ्यानं वाचून दाखवते. तो जिथे "म्हणजे काय?" म्हणतो, ते वाक्य बदलायचं. 'फ्युजिटिव्ह'साठी मी सरळ 'ढिगाऱ्यांवरून आणि रस्त्यावरून उडणारी धूळ' लिहिते. लांब होतं, होऊ दे.

नकलेचा आजार फक्त मराठी सारांशाला जडलेला नाही म्हणा. रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका बॉक्साइट खाणीच्या अहवालात रशियातल्या खाणीच्या अहवालाचा मजकूर सापडला होता. कोकणात स्प्रूस आणि बर्चची जंगलं!

एफएसआय बघून 'आपण वीस हजारांच्या आत' म्हणणं

बांधकाम प्रकल्पाला २०,००० चौरस मीटरपासून ईसी लागते, हे सगळ्यांना पाठ असतं. कसले चौरस मीटर, ते पाठ नसतं. ईसीसाठी सगळ्या मजल्यांचं आच्छादित क्षेत्र धरतात, तळघर आणि सेवांच्या जागांसकट. आर्किटेक्टच्या तक्त्यात एफएसआय (बांधकाम परवानगीसाठी मोजलं जाणारं क्षेत्र, ज्यात पार्किंगसारख्या जागा येत नाहीत) १४,००० दिसला म्हणून निर्धास्त राहिलेले लोक मी पाहिले आहेत. दोन मजली पार्किंग धरलं की हिशेब कुठल्या कुठे जातो, आणि तोवर प्लिंथ (जोतं) झालेला असतो. काम सुरू केल्यावर मंजुरी मागायला जाणं ही चूक नसून उल्लंघन आहे. आर्किटेक्टला फोन करून दोन्ही आकडे वेगवेगळे लिहून मागा. पाच मिनिटांचं काम आहे.

बाकीच्या, थोडक्यात

बेसलाइनचं, म्हणजे प्रकल्पाआधीची हवा-पाण्याची स्थिती मोजण्याचं काम जूनमध्ये सुरू करणं. पावसाळा सोडून एका हंगामाची आकडेवारी लागते, म्हणजे मार्चची संधी हुकली की थेट ऑक्टोबर. मालकाला हे डिसेंबरमध्येच सांगून ठेवा, जूनमध्ये सांगितलं की दोष आपला.

ईसी आली म्हणून पेढे वाटले आणि वर्तमानपत्रातली जाहिरात राहिली. सात दिवसांत, दोन स्थानिक वर्तमानपत्रांत, त्यातलं एक इथल्या भाषेतलं.

ईसी, कन्सेंट (प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती) आणि प्रत्यक्ष उत्पादन यांचे आकडे तीन कागदांवर तीन. एका पानावर शेजारी शेजारी लिहून भिंतीला लावा.

घातक कचऱ्याचे ड्रम शेडमध्ये ९० दिवसांहून जास्त पडून राहणं. ड्रमवर भरल्याची तारीख लिहिलीत तर आपोआप लक्षात येतं. वार्षिक विवरण, म्हणजे फॉर्म ४, ३० जूनपर्यंत. पर्यावरण विवरणपत्र, फॉर्म ५, ३० सप्टेंबरपर्यंत. या दोघांची गल्लत दर वर्षी कुणीतरी करतंच.

प्रयोगशाळेचा अहवाल न वाचता जोडणं. सहा महिने पीएम १० चा (हवेतल्या बारीक धुळीचा) आकडा दशांशापर्यंत सारखा आला, तर हवा स्थिर नाही, टेबल कॉपी झालंय.

पाहणीच्या दिवशी एसटीपी चालू करणं. याबद्दल मला राग येतो म्हणून आवरतं घेते. एसटीपीत हवा सोडणाऱ्या ब्लोअरच्या लॉगबुकात रोज २० तास आणि एसटीपीच्या विजेच्या मीटरवर महिन्याला चार दिवसांचे युनिट, हे जुळवून बघायला अधिकाऱ्याला एकच बिल लागतं. मी दर महिन्याच्या १ तारखेला मीटरचा फोटो मागवते. ऑपरेटरला वाटतं, बाईंचा आपल्यावर विश्वास नाही. नाहीच.

आणि परिवेश पोर्टलचं (मंत्रालयाच्या पर्यावरण मंजुरीच्या वेबसाइटचं) लॉगिन नोकरी सोडून गेलेल्याच्या मोबाइलवर राहू देणं. ३१ मेच्या रात्री साडेदहाला मी अशाच एका माजी सहकाऱ्याला ओटीपीसाठी फोन केला. तो चुलतभावाच्या वरातीत होता. सहा आकडे त्यानं बँजोच्या आवाजावर ओरडून सांगितले. तिसऱ्या ओटीपीला मला नीट ऐकू आलं.