स्पॅनिश बोलताना तोंड उघडत नाही? या चुका टाळा

स्पॅनिशच्या वर्गात सहा महिने काढलेल्या मराठी माणसाला म्हणा, 'काहीतरी बोलून दाखव.' तो ओशाळं हसतो. 'समजतं सगळं, पण बोलायचा धीर होत नाही.' माझ्या मते यात धिराचा दोष थोडा, वाटेचा जास्त. मराठीत सुचलेलं आधी इंग्रजीत न्यायचं आणि तिथून स्पॅनिशमध्ये आणायचं, म्हणजे पुण्याहून साताऱ्याला मुंबईमार्गे जाणं.

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. 'आय लाइक' मधला 'आय' स्पॅनिशमध्ये शोधत बसलात, तर 'मे गुस्तान लोस मांगोस' हे वाक्य उलटं वाटतं. मराठीतून पाहा: मला आंबे आवडतात. एकच आंबा असेल तर 'मे गुस्ता एल मांगो', आवडतो. क्रियापद आंब्याप्रमाणे बदलतं, अगदी आपल्यासारखं. लाज वाटते हेही तसंच, 'मे दा बेर्ग्वेन्सा'. इंग्रजी 'एम्बॅरस्ड'वरून 'एस्तोय एंबारासादा' म्हणणारीला मात्र लोक अभिनंदन करतील, कारण त्याचा अर्थ 'मी गरोदर आहे'.

दर वाक्याआधी 'यो', म्हणजे 'मी', लावणं हीसुद्धा इंग्रजीचीच सवय. आपण 'येतोय', 'जेवलास?' म्हणतो तेव्हा मी-तू कुठे असतो? 'आब्लो' म्हटलं की मी बोलतो हे कळतं. आणि 'तू' तर तिकडेही 'तू'च.

उच्चारांचा न्यूनगंड तर सोडूनच द्या. स्पॅनिश त आणि द आपल्यासारखे दातांवरचे, त्यामुळे टोमॅटोला 'तोमाते' म्हणायला मराठी जिभेला कष्ट नाहीत. इंग्रजी थाटाचा ट आणू नका, म्हणजे झालं. 'पेरो' म्हणजे पण आणि 'पेर्रो' म्हणजे कुत्रा. हा र्र जमत नाही म्हणणाऱ्याने चिमणी भुर्रकन उडवून पाहावी. (भूक लागली हे 'तेंगो आंब्रे'. आंब्रे आडनावाचा मित्र असेल तर हा शब्द जन्मात विसरणार नाही.)

मराठी सगळीकडे हात देत नाही, हेही खरं. आपल्या एका 'आहे'साठी तिकडे 'सेर' आणि 'एस्तार' अशी दोन क्रियापदं. कंटाळा आलाय हे सांगायला 'एस्तार'चं रूप घेऊन 'एस्तोय आबुर्रिदो' म्हणायचं. 'सेर'चं रूप घेऊन 'सोय आबुर्रिदो' म्हटलंत तर 'मी कंटाळवाणा माणूस आहे' अशी कबुली होते. 'मानो' म्हणजे हात, शेवटी ओ असूनही स्त्रीलिंगी. 'प्रोब्लेमा' शेवटी आ असूनही पुल्लिंगी. या चुका होणारच, आणि समोरच्याला अर्थ तरीही कळतो.

म्हणूनच 'आधी व्याकरण पक्कं करतो, मग बोलतो' हा बेत फसतो. स्पॅनिश येत असल्याचं प्रमाणपत्र देणाऱ्या डेले परीक्षेचं गणित बघा. ए-1 ते बी-2 पातळ्यांवर ऐकणं आणि बोलणं यांचा मिळून एक गट, प्रत्येकी 25 गुण, आणि उत्तीर्ण व्हायला त्या गटात 50 पैकी 30 लागतात. ऐकण्यात पैकीच्या पैकी मिळवूनही बोलताना तोंड शिवून बसलात, तर नापास.

अडखळल्यावर गप्प होऊ नका, वेळ काढा. 'आ बेर' म्हणजे 'बघूया', 'ओ सेआ' म्हणजे 'म्हणजे'. मराठीत आपण दोन्ही दिवसातून शंभरदा वापरतो, तिथेही वापरा. समोरचा भरभर बोलतोय? 'मास देस्पासियो, पोर फाबोर', जरा हळू. दक्षिण स्पेनमधल्या अंदालुसियात शब्दाच्या शेवटचा स अनेकदा गळतो, 'मास ओ मेनोस'चं (साधारण, कमीजास्त) 'मा ओ मेनो' होतं. ते डोक्यावरून गेलं म्हणून आपलं स्पॅनिश कच्चं ठरत नाही. मिनिटभराचं एकच संभाषण लिखित मजकूर समोर ठेवून पाच-सहा वेळा ऐका, मग मजकूर झाका आणि ऐकलेलं मोबाइलवर आपल्याच आवाजात रेकॉर्ड करा. पहिल्या दिवशीचं रेकॉर्डिंग पुसू नका, महिन्याने परत ऐका.